धुळाच्या वाटचा भंडारा

माझ्या सख्ख्या भावाचं मनगट मी फोडलं. गोफणीनं, चाळीस पावलांवरून, नेम धरून. डॉक्टरला सांगितलं घोड्यावरून पडला. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि तसंच लिहून घेतलं. पण वाडीत ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळी गोष्ट फिरायला लागली आहे. कुणी म्हणतं बनाबाईला म्हातारपणी चळ लागला, कुणी म्हणतं भावाच्या मेंढरांवर डोळा होता. म्हणून जे झालं ते मीच सांगते. माझ्यापेक्षा नीट सांगणारं अजून वाडीत जन्माला यायचं आहे.

भांडण गवताचं होतं.

वडूजच्या उगवतीला आमची चिलारवाडी. चाळीस घरं, सगळी धनगरांची. वाडीमागं माळ, आणि माळाच्या पायथ्याला ओढ्याकडेनं ऐंशी एकराचं कुरण. पूर्वी त्या कुरणात दिवाळी सरली की दगड तेवढे उरायचे. मग आमी घोड्यावर बिऱ्हाड टाकायचो आणि घाट उतरून कोकणात जायचो. समुद्राकडच्या भातखाचरात मेंढरं बसवायची, लेंड्यामुतानं त्यांचं रान पिकायचं, बदल्यात ते पोती भरून भात द्यायचे. माझ्या आज्यानं हेच केलं, बापानं हेच केलं. माझा तानाजी तर खाचराच्या बांधावरच जन्मला.

सात वर्षांमागं कुंभार्ली घाटात, वळणावर, एक ट्रक आमच्या कळपात घुसला. माझा नवरा मल्हार गेला आणि एकतीस मेंढरं गेली. आधी मी त्याला रस्त्याच्या कडेला घेतलं, तोंडावर घोंगडं टाकलं. मग मेंढरांकडं वळले. सातांच्यात धुगधुगी होती, पाठी मोडलेल्या, आतडी डांबरावर. ती मी कुऱ्हाडीनं मोकळी केली. दुसरं कोण करणार होतं? ट्रकवाला तर केबिनमधे बसून रडत होता. रक्त उताराला लागून खाली समुद्राच्या बाजूला निघालं, ते मी उभी राहून बघितलं. तवाच ठरवलं की माझ्या घरचं खूर हा घाट पुन्हा उतरणार नाही.

ठरवणं सोपं असतं. मेंढरू काही तुमच्या ठरवण्यावर जगत नाही, त्याला चारा लागतो. म्हणून मी कुरणाच्या मागं लागले. चाळीस घरच्या बायकांना ओढ्यावर गोळा केलं आणि म्हटलं, पावसाळाभर कुरण बंद, दिवाळीला वरचा निम्मा तुकडा पाळीपाळीनं चारायचा, आणि ओढ्याकडचा निम्मा आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत राखायचा. आखितीच्या दिवशी उघडायचा. उन्हाळ्यात माळावर काडी नसते तवा तो तुकडा सगळ्या वाडीला पावसापर्यंत नेईल. पुरुष हसले. पहिल्या वर्षी एकानं गुपचूप आपली शेरडं आत सोडली, तर आमी सात जणींनी त्याला बाभळीच्या ओल्या फोकानं असा सडकला की तो आठ दिवस पालथा झोपत होता. त्यानंतर कुणी हसलं नाही.

वाडी एका जागी बसली आणि मग बाकीचं सुचायला लागलं. वाटेवर असताना आमी मेंढरं कातरून लोकर ओढ्यात फेकायचो, तिला कुणी विचारत नव्हतं. माझी सून पल्लवी विट्याकडची. तिचा भाऊ कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात आहे. तिनं म्हसवडचा एक म्हातारा सणगर, पिढीजात घोंगडी विणणारा, आणून बसवला, त्यानं बायकांना माग शिकवला, चिंचोक्याची खळ शिकवली. पहिली घोंगडी तिच्या भावानं दुकानात भिंतीला लावली. आता गलाईवाल्यांच्या दुकानादुकानांतून आमची घोंगडी कुठं कुठं जातात ती गावं मला उच्चारता येत नाहीत. शेडमधे बावीस बायका बसतात. त्यातल्या एकीचंही पोर आता दुसऱ्याच्या बांधावर जन्मत नाही. हे सगळं त्या गवतावर उभं आहे. गवत गेलं की मेंढरं वाटेला लागणार, मेंढरं गेली की लोकर गेली, शेडला कुलूप. इतकं सरळ आहे.

म्हणून नेम नुसत्या बोलण्यावर ठेवला नाही. चैतात बिरोबाच्या देवळात सगळ्या घरांनी भंडारा उचलला. हळदीत हात घालून शपथ: कुरणात वेळेआधी खूर घालणार नाही. घातलं तर त्या घरानं आपल्या कळपाचा म्होरक्या मेंढा देवाम्होरं स्वतःच्या हातानं कापायचा, वाडीनं खायचा, त्या घरानं खायचा नाही. आणि वर्षभर त्या घरची मेंढरं वाडीबाहेर, त्या घरची लोकर शेडबाहेर. पल्लवीनं वहीत नावं लिहिली, ज्यानं त्यानं सही नाहीतर अंगठा केला.

एक घर राहिलं होतं. माझा धाकटा भाऊ धुळा अजून कोकणातनं वर आला नव्हता. आमची आई गेली तवा तो तीन वर्षांचा होता. मी त्याला पाठीला बांधून मेंढरं राखली, गोफण मीच त्याच्या हातात दिली.

देवळाचे पुजारी आकारामतात्या म्हणाले, "धुळाचं काय, बने?"

"त्याच्या वाटचा मी उचलते," मी म्हटलं.

"त्याला इच्यारल्याबिगर?"

"तात्या, त्याला शेंबूड पुसायला मी शिकिवलंय. त्यो माझ्या सबदाभायेर जाईल व्हय?"

तात्यांनी हळद पुढं सरकवली. मी दुसऱ्यांदा हळदीत हात घातला.

आणि धुळा काही माझ्या शब्दात राहिला नाही. दरसाल दिवाळीनंतर तो त्याचा पोरगा अर्जुना आणि दोनशे मेंढरं घेऊन कोकणात जायचा. मी म्हणायची, राहा. तो म्हणायचा, "आक्का, तू बायकांचा कारखाना चालीव. मी धनगर हाय." कुरणाच्या वाटेला मात्र कधी गेला नाही, कारण उन्हाळाभर तो तिकडंच असायचा. म्हणून सहा वर्षं ती दुसरी हळद कुणाला आठवली नाही.

यंदा तो माघातच परत आला.

सकाळची उन्हं वर आली होती. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. कुरणाच्या राखणीची पाळी आमच्या घराची, तानाजी तिकडं होता. तेवढ्यात पल्लवी शेडवरनं पळत आली, तिच्या पदराला रक्त.

"आत्याबाई, मामा आल्यात. कुंपान तोडाय लागल्यात. ह्यांचं डोस्कं फुटलंय."

मी भाकरी तव्यावर तशीच टाकली आणि खुंटीची गोफण घेतली.

ओढ्याच्या अंगाला गेले तर धुळाची दोनशे मेंढरं कुंपणाला थडकत होती. आमचं कुंपण तारेचं नाही, बाभळीच्या फेसाट्यांचं, काटेरी फांद्यांचं, छातीएवढं उंच. त्या मेंढरांची हाडं मोजून घ्यावीत अशी होती, बरगड्या वाजत होत्या. गवताचा वास लागल्यावर त्यांना काटा कळेना. पुढची काट्यात रुतली होती आणि मागची त्यांच्या पाठीवर चढत होती. तानाजी बांधावर बसला होता, दोन्ही हातांनी डोकं धरून, बोटांतनं रक्त कोपरापर्यंत आलेलं. त्याच्यापुढं अर्जुना उभा, कुऱ्हाड उलटी धरून. पात्याची मागली बाजू मारली होती म्हणून माझा पोरगा बसून तरी होता. आमच्या कुत्र्यानं धुळाच्या कुत्र्याचा गळा धरला होता आणि सोडत नव्हता. आणि धुळा वाकून फेसाट्या तोडत होता.

"धुळा," मी म्हटलं.

त्यानं वर बघितलं नाही. "आक्का, बाजूला व्हय."

"पोराला मारलंसा?"

"त्यो आडवा आला. मी तीनदा सांगितलं त्येला."

"आता मी आडवी हाय. मला सांग."

तवा तो उभा राहिला. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. डाव्या गालावर जुना, पिवळा पडलेला मार होता.

"नऊ दीस चालतोय," तो म्हणाला. "ज्येच्या खाचरात तीस वर्सं बसलो त्येनं रान इकलं. आता तितं भिंती. सगळीकडं भिंती, बंगलं, राखणीला मानसं. मेंढरं बसवायला जागा मागितली तर दांडकी घिऊन आली. म्हनली, घान करत्यात. आमच्या लेंडीवर त्येंच्या बापानं भात खाल्ला आन आता घान. पान्याच्या डबक्यात कायतरी वतलं. अकरा मेंढरं डोळ्याम्होरं फेस गाळून मेली. माझा मोत्या कुत्रा झाडाला टांगला, आक्का. फासाला. तार घालून."

"आन म्हून हितं माझ्या पोराचं डोस्कं फोडलंसा."

"मला चार दिसाचं गवात दे. चारच दिसाचं."

"तुझी दोनशे मेंढरं चार दिसांत वाडीचा उन्हाळा खातील."

"वाडीचा उन्हाळा," तो म्हणाला आणि थुंकला. "बापाचं कुरन हाय हे. तुझ्या बायकांचं कधीपास्नं झालं?"

"खाली वाळव्याकडं जा. उसाची तोड चाललीया. वाढं मिळंल, मोकळ्या रानात मेंढरं बसतील. मी फोन लावती."

"दुसऱ्याच्या उसाच्या शेंड्याव माझी मेंढरं जगवू? भिकाऱ्यावानी?"

"कोकणात काय जहागिरी हुती तुझी?"

हे मी बोलायला नको होतं, पण मी कधी तोंड आवरलं नाही आणि आता आवरणार नाही. त्याचा चेहरा असा झाला की तो कोकणातल्या दांडक्याचा मार मला तिथंच उगवताना दिसला. तो वळला आणि शेवटच्या फेसाटीवर कुऱ्हाड घातली. वाट झाली. मेंढरं आत फुटली.

मी चाळीस पावलं मागं गेले. गोफणीला जागा लागते. ओढ्यातला गुळगुळीत गोटा घातला, अंड्याएवढा. पहिला त्याच्या पायाजवळ मारला, धुरळा उडाला. त्याला कळलं कुणी मारला ते. दुसरा डोक्यावरनं घालवला, गोट्याचा सणसणाट त्याच्या कानाशी वाजला असणार. तो माझ्याकडं बघून हसला. लहानपणी चुकलं की असाच हसायचा. आणि त्यानं दुसऱ्या बाजूनं फेसाटी ओढायला कुऱ्हाड उचलली, वाट रुंद करायला.

तिसरा मी त्याच्या उजव्या मनगटावर मारला.

आवाज वाळकी फांदी मोडल्यासारखा आला. कुऱ्हाड पडली. हात मनगटापासून भलत्या बाजूला वळला आणि त्याच्याकडंच बघत राहिल्यासारखा लोंबला. धुळा ओरडला नाही. खाली बसला, हात मांडीवर घेतला, जसं कोकरू घेतात तसा.

मग बायका आल्या. शेडमधनं, घराघरातनं, कुणाच्या हातात मागाची फळी, कुणाच्या हातात मुसळ. धुळाला त्यांनी सोडलं कारण मी तिथं उभी होते, पण अर्जुना सापडला. त्याला त्यांनी ओढ्याच्या वाळूत पाडला. फळी बरगडीवर बसल्याचा आवाज मी ऐकला. एकदा, दोनदा, चारदा. मी लगेच थांबवलं नाही. माझ्या पोराचं रक्त अजून बांधावर ओलं होतं आणि मी मनात मोजत होते, इतकं झालं, अजून थोडं होऊ दे. मग अर्जुना "आत्ती" म्हणून किंचाळला, बारक्या पोरासारखा, तवा मी मधे पडले. त्यात मलाही पाठीत एक मुसळ बसलं. कुणाचं ते मला माहीत आहे. सांगणार नाही, तीही विसरलेली नाही.

मेंढरं मात्र कुरणात होती आणि खात होती. बायका काठ्या घेऊन शिरल्या तर ती पांगून जास्तच तुडवायला लागली. शेवटी मी आमच्या बापाची हाक दिली. जिभेखालनं निघते ती, लांब, मधे तुटलेली. धुळाच्या कळपानं जन्मापासून तीच ऐकली आहे, कारण ती त्याला मीच दिली. दोनशे माना एकदम वर आल्या. तोंडात गवत होतं. पण आली. एकामागं एक, काट्याच्या वाटेनं, माझ्याकडं. धुळा बसल्या जागेवरनं बघत होता. मनगट फुटल्यावर त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं नव्हतं, ते तवा आलं.

तानाजीला वडूजला अकरा टाके पडले. धुळाच्या हातात साताऱ्याला सळई घातली, वर पट्टी बांधली. अर्जुनाच्या दोन बरगड्या. तिघं एकाच जीपमधनं गेले, कारण वाडीत जीप एकच; मी मागनं एसटीनं गेले. तानाजी म्हणाला की रहिमतपूरच्या फाट्यावर अर्जुनानं त्याला पाण्याची बाटली दिली आणि तानाजीनं घेतली.

आयतवारी देवळापुढं वाडी बसली. दोन एकर गवत गेलं होतं, अर्धं खाल्लेलं, अर्धं तुडवलेलं. बायका सुडानं बसल्या होत्या. धुळाचा मेंढा कापायचा, काळा, शिंगाला दोन वेढे असलेला, हे सगळ्यांनी येतानाच ठरवलं होतं. कुणी पातेलंही घेऊन आलं होतं.

धुळा गळ्यात हात अडकवून उभा होता. म्हणाला, "कापा. तुमी लय जनी हायसा, मी एकला. पन तात्या, एक सांगा. मी भंडारा कवा उचलला?"

सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं.

"न्हाई उचलला," आकारामतात्या म्हणाले.

"मग मी मोडला काय?"

मी तोंड उघडणार होते. काय बोलणार होते ते आता सांगायला लाज नाही. मी म्हणणार होते की वाडीचा नेम तो सगळ्यांचा नेम, उचलला काय आणि न उचलला काय. बायकांनी मान हलवली असती. माझ्या आवाजापुढं वाडीत कुणाची मान हलत नाही असं होत नाही. तेवढ्यात पल्लवी उठली. हातात ती वही.

"आत्याबाई," ती म्हणाली, खाली बघत, "तुमच्या दोन सह्या हायत."

"मला म्हाईत हाय माझ्या किती सह्या हायत."

"दुसरीम्होरं मामांचं नाव हाय. त्येंच्या वाटचा तुमी उचललाय. म्हंजी मोडला त्यो..." वही तिनं माझ्यापुढं धरली. तिच्या नवऱ्याच्या डोक्याला अकरा टाके होते, मारणाऱ्याचा बाप समोर उभा होता, आणि ती त्याच्या बाजूची गोष्ट सांगत होती. त्या घटकेला मला तिचा गळा दाबावा वाटला. आणि त्याच घटकेला कळलं की शेड हिच्या हातात राहील, मी मेले तरी.

"तात्या, बरोबर बोलती का ती?" मी विचारलं.

"सहा वर्सांमागंच मी तुला इच्यारलं हुतं, बने."

"इच्यारलं हुतं. सांगितलं न्हवतं."

"तुला सांगितल्यालं कवा ऐकू आलंय?"

कुणीतरी हसलं. मी मागं वळून बघितलं तसं थांबलं.

म्हणजे कापायचा तो माझ्या कळपाचा म्होरक्या, कोतवाल. त्याची आई वितानाच मेली, मी त्याला बाटलीनं पाजला, चुलीपाशी वाढवला. दारातनं हाक मारली की घरात येऊन भाकरी मागायचा. तानाजीनं त्याला दोरी न लावता आणला, कारण त्याला कधी दोरी लागलीच नाही. तात्यांनी कपाळाला भंडारा लावला, पाठीवर पाणी शिंपडलं. मेंढ्यानं अंग झाडलं की देवानं घेतला असं आमच्यात असतं. झाडेपर्यंत सुरा लावायचा नाही.

कोतवालनं अंग झाडलं नाही. पुन्हा पाणी शिंपडलं. तो माझ्या हाताला हुंगत राहिला, भाकरी शोधत. ऊन डोक्यावर आलं. बायकांच्यातली एक म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, देवाला नगं आसंल." मी म्हटलं, "देवाला काय हवं ते तुला इच्यारून ठरवतो व्हय? पानी आना." तिसऱ्यांदा तांब्या आला तो धुळानं घेतला, डाव्या हातानं. निम्मं पाणी त्याच्याच पायावर सांडलं. उरलेलं त्यानं कोतवालच्या कानामागं वतलं, जिथं मेंढराला सोसत नाही. त्याला ठाऊक होतं. मीच शिकवलेलं.

कोतवाल शिंगापासनं शेपटापर्यंत थरथरला.

मी सुरा एकदाच चालवला. रक्त हातावर आलं, गरम, कोपरापर्यंत, तानाजीचं आलं होतं तसंच. पाय झाडायचे थांबेपर्यंत मी त्याचं शिंग सोडलं नाही.

वाडीनं खाल्लं. आमच्या घरानं नाही. धुळाच्या घराला खायची मुभा होती, त्यानं भंडारा मोडला नव्हता. ज्या बायकांनी अर्जुनाला वाळूत लोळवला त्यांनीच त्याला ताट वाढलं आणि तो खाली मान घालून जेवला. धुळापुढंही ताट ठेवलं. एका हातानं त्याला हाड धरता येईना. त्यानं दोनदा बघितलं आणि ताट सरकवलं.

"खा की," मी म्हटलं. "तुझ्यामुळं कापलाय."

"तुझ्यामुळं," तो म्हणाला. "मी तुला उचल म्हटलं हुतं का?"

मी उठून हात धुतले.

दंडातला दुसरा भाग राहिला होता. माझी नव्वद मेंढरं वर्षभर वाडीबाहेर. तानाजी म्हणाला, मी नेतो. मी म्हटलं, डोकं शिवलेलं घेऊन उन्हातनं कुठं जातोस, टाके उसवले तर आतली हवा निघून जाईल. काही बायका आल्या, त्यांतली ती मुसळवालीही होती. म्हणाल्या, बनाबाई, कुरण तुमी उभं केलं, तुमाला कुठला नेम. मी त्यांना दारातनं हाकललं. मला सोडलं तर पुढच्या उन्हाळ्यात प्रत्येकीला आपला भाऊ आठवला असता.

धुळाचा हात कामाला नव्हता, अर्जुनाला वाकता येत नव्हतं. म्हणून दोन्ही कळप एक केले आणि पुढं मी निघाले. निघताना कुरणाच्या तुटक्या वाटेत नवीन फेसाट्या मी स्वतः रचल्या. धुळा डाव्या हातानं एक एक देत होता. काटे दोघांनाही लागले.

घाटाकडं नाही गेलो. खाली वाळव्याकडं वळलो. तिथल्या शालूबाई, पांढऱ्या केसांच्या, मिलिटरीतल्या माणसाच्या विधवा, त्यांच्याकडं पल्लवीनं फोन लावला होता. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची, बदल्यात वाढं आणि जोंधळा. म्हणजे कोकणातलाच व्यवहार, फक्त समुद्र नाही. पहिल्याच दिवशी शेजारच्या मळ्यातला एक दांडगा गडी आला, म्हणाला ही घाण इथं नको, आणि एका कोकराला लाथ घातली. मी गोफण काढली. धुळा झाडाखाली बसला होता, तिथनंच बोलला.

"पाव्हनं, थांबा. आदी माझा हात बघा."

त्यानं पट्टी दाखवली, सळईची टोकं दाखवली. "ही माझी सख्खी भन हाय. तुमी तर परकं."

गडी गेला. तो पुन्हा आला तवा शालूबाईंबरोबर आला आणि आपल्या रानातही मेंढरं बसवाल का म्हणून विचारलं.

धुळा अजून माझ्याशी सरळ बोलत नाही. वाढं कापताना मी चुकले की अर्जुनाला सांगतो, "तुझ्या आत्तीला म्हनावं, बारीक काप, पोटं फुगतील." मी अर्जुनाला सांगते, "तुझ्या बापाला म्हनावं, हात दोन आसताना त्येनं कधी कापलं न्हाई." अर्जुना कुणालाच काही सांगत नाही, बरगडी धरून हसतो आणि मग दुखतं म्हणून थांबतो.

आखितीला सकाळी पल्लवीचा फोन आला. म्हणाली, आत्याबाई, उघडलं. मग फोन तसाच वर धरला असावा. वाऱ्याचा घोंघाट आला, मग घुंगरं. अडतीस घरची मेंढरं ओढ्याकडच्या कुरणात उतरत होती. मग गवत तोडायचा आवाज. शेकड्यांनी तोंडं एकदम गवत तोडतात तवा तो कसा येतो ते मेंढक्यालाच कळतं.

मी किती वेळ ऐकलं कुणास ठाऊक. मग उठले, झाडाखाली गेले आणि फोन धुळापुढं धरला.

त्यानं डाव्या हातानं घेतला. उजवा अजून मिटत नाही.